मदत हवी आहे: 'ड्रीम हाउस' एलपीच्या दुसऱ्या बाजूला सूर डोलतोय, दोष तबकडीच्या भोकाचा की टर्नटेबलचा?

अमेरिकन संगीतकार ला मॉन्टे यंग आणि त्यांच्या सहकारी मेरियन झाझीला यांची 'ड्रीम हाउस ७८'१७"' ही रेकॉर्ड १९७४ साली पॅरिसच्या शांदार कंपनीने काढली होती. जुनी प्रत आवाक्याबाहेरची, म्हणून नव्याने निघालेली एलपी मागवली. पहिल्या बाजूला १३ जानेवारी १९७३ चं न्यूयॉर्कमधलं ध्वनिमुद्रण आहे: दोघांचे आवाज, जॉन हॅसलचा ट्रम्पेट, गॅरेट लिस्टचा ट्रॉम्बोन आणि साइन वेव्ह, म्हणजे यंत्राने काढलेले निखळ सूर. ही बाजू सुंदर वाजते. दुसऱ्या बाजूला 'ड्रिफ्ट स्टडी' आहे, त्याच वर्षीच्या १४ जुलैची. त्यात फक्त साइन वेव्ह, एकमेकींपासून अगदी हळूहळू सरकत जाणाऱ्या. अडचण इथेच आहे.

सूर किंचित चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. एका फेरीला साधारण दोन सेकंद लागतात. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे गडबड फेऱ्याशी बांधलेली दिसते.

खोलीत फिरलं की एक सूर मोठा होतो, दुसरा विरतो, हे मला माहीत आहे. तो दोष नव्हे. भिंतींवरून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे मारतात, आणि ऐकणाऱ्याने ते अनुभवावं हीच तर या संगीताची कल्पना. पण मी एका जागी स्थिर बसलो तरी माझा सूर डोलतो. शिवाय आवाजाची पातळी नव्हे, सूरच बदलतो.

इतर रेकॉर्डवर असं जाणवत नाही. पण गाण्यात मींड असते, गमक असते, त्यात एवढंसं हलणं खपून जात असेल. इथे लपायला जागाच नाही. साइन वेव्हला उपस्वर नसतात, आणि यंग यांचे सूर पूर्णांकांच्या गुणोत्तरांत लावलेले. १९७० पासून ते आणि झाझीला किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य होते. तंबोरा नीट लागल्याशिवाय तोंड न उघडणाऱ्यांची ही परंपरा. असं संगीत डोलत्या सुरात ऐकवत नाही. बाजू ३९ मिनिटांची असल्याने पातळी खालची आणि थोडी खरखर, तेवढं मी मान्य केलं आहे.

नेमका दोष कसा ओळखायचा? आणि भोक मोठं करून तबकडी हाताने मध्यावर बसवतात असं ऐकलंय, ते करावं का?

प्रतिसाद

बाजूची सुरुवात आणि शेवट लागोपाठ ऐका. भोक मध्यावर नसेल तर डोलणं लेबलकडे जाताना वाढतं, कारण त्रिज्या कमी होते. अर्धा मिलिमीटर चूक धरली तर बाहेरच्या कडेला सूर दोन्हीकडे सुमारे ६ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) हलतो, लेबलजवळ १४. म्हणजे शेवटी एकूण हेलकावा २८ च्या आसपास, प्रमाणश्रुतीपेक्षाही (श्रुतींमधलं सर्वांत लहान अंतर, २२ सेंट) जास्त. टर्नटेबलच्या वेगात खोट असेल तर सुरुवातीला आणि शेवटी डोलणं सारखंच राहील. टोनआर्मही (सुई धरणारी दांडी) समोरून पाहा. दर फेऱ्याला डावीउजवीकडे झुलत असेल तर भोकच.

एक बाजू ठीक आणि दुसरी नाही, हे शक्य आहे. दोन्ही बाजूंचे साचे वेगवेगळे मध्यावर बसवलेले असतात. म्हणूनच भोक मोठं करण्याची घाई नको. तुमची पहिली बाजू चांगली आहे, मग तीही दर वेळी हाताने जुळवावी लागेल. आणि एकदा भोकाला हात लावला की विक्रेता परत घेणार नाही.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. लेबलजवळ डोलणं स्पष्ट वाढतं, आणि टोनआर्म दुसरी बाजू वाजतानाच झुलतो. भोकाला हात लावत नाही. विक्रेत्याने व्हिडिओ मागितला आहे, पण फोनच्या माइकवर सुराचा फरक पटेल असं वाटत नाही. टोनआर्मचं झुलणंच कडेने, लेबल दिसेल असं टिपून पाठवतो. अशी तक्रार कुणी केली असेल तर आणखी काय पुरावा जोडावा, ते जरूर सांगा.