स्पॅनिश: 'कोर्तान'चं 'कोर्तेन' कसं झालं?

रावेरचा_केळीवाला:
इक्वाडोरच्या केळीबागांचे व्हिडिओ समजावेत म्हणून चार महिन्यांपासून मोबाइलवर स्पॅनिश शिकतोय. 'ते कापतात' म्हणजे 'कोर्तान', हे पाठ झालं. पण करपा आलेली पानं दाखवत तिथला माणूस म्हणतो, 'रेकोमेंदामोस के कोर्तेन लास ओखास'. तीनदा मागे नेऊन ऐकलं, 'कोर्तेन'च आहे. माझे कान बिघडले की त्याचं व्याकरण?

भुसावळची_मास्तरीण:
दोन्ही ठीक आहेत. तो 'पानं कापतात' म्हणत नाहीये, 'पानं कापावीत असं आम्ही सुचवतो' म्हणतोय. आपलं 'कापावं', त्यांचं सब्जंक्टिव्ह.

रूपं म्हणजे साटंलोटं समजा. 'आर'वाल्या (शेवटी 'आर' असलेल्या, जसं 'कोर्तार') क्रियापदांचा 'आ' जातो एर-इरच्या घरी, त्यांचा 'ए' येतो इकडे. 'मी'चं रूप घ्या, शेवटचा 'ओ' काढा. कोर्तो: कोर्ते, कोर्तेस, कोर्ते, कोर्तेमोस, कोर्तेन. कोमो (मी खातो): कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमान. 'बिबिर', म्हणजे राहणं, त्याचं चक्क बिबा! ('व्ही'चा उच्चार तिकडे 'ब' होतो.) 'मी' आणि 'तो' यांचं रूप एकच, गोंधळू नका. 'कोर्तेइस' स्पेनचं, इक्वाडोरात 'तुम्ही'लाही 'कोर्तेन'च.

आणखी एक. कर्ता एकच असेल तर याची गरज नाही. 'क्येरो कोमेर', मला खायचंय. 'क्येरो के कोमास', तू खावंस असं मला वाटतं. मराठीतही तसंच आहे की.

रावेरचा_केळीवाला:
इतलं सोपं शे! मग 'पागार', पैसे देणं, त्याचं मी वहीत पागो, पागे लिहिलं. उच्चार बरोबर, तरी अॅप चूक दाखवतंय.

धुळे_ते_माद्रिद:
वहीत देवनागरी लिहिता ना? मग चूक दिसणारच नाही. रोमन लिपीत 'जी'पुढे 'ई' आला की 'ख' वाचतात, 'पाखे' होईल. म्हणून मध्ये 'यू' घालतात. 'बुस्कार', म्हणजे शोधणं, त्याचं 'बुस्के' करतानाही 'सी' जाऊन 'क्यूयू' येतो. कानाला सगळं नियमित, भानगड फक्त स्पेलिंगची. (आपला 'पगार' पोर्तुगीजांच्या अशाच 'पागार'वरून आलाय.)

मराठी माणूस अडकतो ते दुसरीकडेच. आपण 'देतील अशी आशा आहे' म्हणतो, सरळ भविष्यकाळ. तिथे 'एस्पेरो के' (मला आशा आहे की) यानंतर सब्जंक्टिव्हच लागतं. 'ओखाला' (देव करो नि तसं होवो) यानंतरही, तो शब्द अरबीतून आलाय, मूळ अर्थ 'अल्लाची मर्जी असेल तर'.

रावेरचा_केळीवाला:
मागच्या कटाईचे पैसे व्यापाऱ्याकडे अडून आहेत. आता रोज सकाळी म्हणतो: ओखाला के पागेन. 'यू' घालूनच लिहिलंय वहीत.