अनुभव धागा: घराण्याचा शोध कुठून सुरू केलात?

बाबा गेल्यावर लक्षात आलं, पणजोबांच्या मागचं एकही नाव मला ठाऊक नाही. तुम्ही सुरुवात कशी केलीत? अगदी छोटा अनुभवही लिहा.

सदाशिव पेठ
आमचे कागद पानशेतच्या पुरात गेले, 12 जुलै 1961 ला. उरली 91 वर्षांची आत्या. "आत्या, वंशावळ सांग" म्हटलं तर तिला काही आठवेना. मग काकाच्या लग्नाचा फोटो हातात दिला. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत ती दोन तास बोलली. पुढे सतरंजीवर बसलेली दोन मुलं पुढच्याच वर्षी गेली होती. त्यांची नावं मी पहिल्यांदा ऐकली. रेकॉर्डिंग नक्की करा, आणि आजच करा.

हडपसर
मूळ गाव पुरंदर तालुक्यात. सातबाऱ्यावर थांबू नका, त्यावरच्या फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) क्रमांकांचा माग काढा. तहसीलच्या अभिलेख कक्षात पणजोबांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद मिळाली. आजोबांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' आणि पणजीचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन मुलाचा पालक. आजोबा पोरके झाले तेव्हा किती लहान होते, हे त्या तीन अक्षरांनी सांगितलं. ती नोंद वाचताना मला भरून आलं.

वारजे
मोडी शिकाच. दोन महिन्यांत अक्षरं लागतात, पण शब्द सलग लिहिलेले आणि ऱ्हस्व-दीर्घ एकच, त्यामुळे नजर बसायला वेळ जातो. गावच्या कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी त्याशिवाय वाचता आल्या नसत्या. पेशवे दप्तरात मात्र नुसतं आडनाव घेऊन जाऊ नका. गाव, परगणा, वतन असलं काही हाताशी हवं.

कोथरूड
नाशिकला तीर्थोपाध्यायांना, म्हणजे येणाऱ्या यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या गुरुजींना, गाव आणि आडनाव सांगितलं. त्यांनी वही काढली, त्यात आजोबांची सही! खापरपणजोबांपर्यंत पुरुषांची नावं मिळाली. बायकांची जवळजवळ नाहीतच, ही खंत आहे. आजीकडच्या घराण्याचा शोध कुणी घेतलाय का?

धागाकर्ती
कोथरूडच्या ताई, तुमचं वाचून माळ्यावरची पितळी कळशी काढली. चिंचेनं घासल्यावर काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव दिसलं: पणजीचं, माहेरच्या आडनावासकट. पुढे शके 1841. त्यात 78 मिळवले, 1919. लग्नात दिलेली असणार. आता त्या आडनावाचं गाव शोधतेय.