प्रतिसाद: चौकोनातून गोलात जाणारा लॉफ्ट पिळतोय

CAD मध्ये चौकोनातून गोलात जाणारा लॉफ्ट (एका आकारापासून दुसऱ्यापर्यंत ताणून केलेला पृष्ठभाग) पिळतोय, असा प्रश्न आहे; त्यावर मधे आणखी चार-पाच प्रोफाइल (ज्यांतून लॉफ्ट जातो ते आकार) टाका, असं आधीच्या एका उत्तरात सुचवलंय. मला ते पटत नाही. प्रत्येक जादा प्रोफाइल पृष्ठभागाला स्वतःमधून जायला भाग पाडतं, आणि दोन प्रोफाइलच्या मधे हलकी लाट उठते. शेडेड व्ह्यूमध्ये (पडद्यावरच्या साध्या रंगवलेल्या दृश्यात) ती लपते, पॉलिश केलेल्या साच्यावर मात्र लगेच दिसते.

पिळाचं मूळ बहुधा बिंदूंच्या जुळणीत असतं. चौकोनाला ४ कोपरे, वर्तुळाला एकही नाही. मग कोणता कोपरा कुठे जोडायचा हे सॉफ्टवेअर स्वतःच ठरवतं. वर्तुळाचे कोपऱ्यांच्या समोर ४ कंस करा, दोन्हीकडचा आरंभबिंदू आणि दिशा एक ठेवा. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं. तरीही आकार हवा तसा येत नसेल तर गाइड कर्व्ह (एका प्रोफाइलपासून दुसऱ्यापर्यंत पृष्ठभागाला वाट दाखवणाऱ्या रेषा) द्या, पण ते प्रत्येक प्रोफाइलला नेमके छेदायला हवेत. नुसते जवळून जाऊन चालत नाही.

शेवटी झेब्रा पट्टे (पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे ते दाखवणारे, प्रतिबिंबासारखे काळे-पांढरे पट्टे) जरूर बघा. शेजारच्या पृष्ठभागाशी जोडावर पट्टे तुटले तर स्पर्शिकाच (दोन्ही पृष्ठभागांची जोडावरची दिशा) जुळलेली नाही. पट्टे जुळूनही तिथे कोन करत असतील तर वक्रता (वळण्याचं प्रमाण) जुळायची बाकी आहे. तिथे लॉफ्टच्या टोकाची अट (शेजारच्या पृष्ठभागाशी तो कसा जुळावा याची सेटिंग) स्पर्शिकेऐवजी वक्रतेची निवडा.