सेवा-कंत्राटांवर देखरेख कशी ठेवावी? सल्ला हवा

प्रश्न:
आमच्या शासकीय कार्यालयातील साफसफाई, सुरक्षा आणि संगणक देखभाल या सेवांची कंत्राटे सांभाळण्याची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. करारनामे आधीच झालेले असल्यामुळे अटी बदलणे माझ्या हातात नाही. देयके रखडू नयेत, पण न झालेल्या कामाचे पैसेही जाऊ नयेत, यासाठी कोणती पद्धत लावून घ्यावी?

प्रतिसाद १:
प्रथम करारनामा परिशिष्टांसह वाचा आणि कंत्राटदाराने काय, केव्हा द्यायचे आणि ते मिळाल्याचे कोणी, कशाच्या आधारे प्रमाणित करायचे, याचा तक्ता काढा. सेवेत माल हातात येत नसल्यामुळे महिना उलटल्यावर काम तपासायला काहीच उरत नाही आणि देयक केवळ हजेरीपटावर मंजूर होते. हजेरीपटावरून मात्र माणसे आली होती एवढेच कळते. म्हणून साफसफाईची नोंद त्या त्या विभागाने रोजच्या रोज करावी. संगणक बिघडल्याची आणि दुरुस्त झाल्याची वेळ कंत्राटदाराच्या नव्हे, तर कार्यालयाच्या नोंदवहीत असावी. सेवेत कसूर झाल्यास लगेच लेखी कळवून, करारात तरतूद असेल तेवढीच कपात त्याच महिन्याच्या देयकातून, हिशेब जोडून करावी. वर्षअखेरीस एकदम लावलेला दंड वादात टिकवणे अवघड जाते.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे, पण माझ्या मते दंडापेक्षा तोंडी सूचनांमुळे अधिक वाद होतात. एखादा विभागप्रमुख परस्पर जादा काम सांगतो आणि पुढे त्याचे देयक आले की मंजुरी कोणाची होती हे नस्तीत (फाइलमध्ये) कुठेच सापडत नाही. त्यामुळे कामाच्या व्याप्तीतील प्रत्येक बदल सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीने आणि लेखीच व्हावा. कंत्राटदारालाही तसे पत्र आजच द्या. कामगारांना वेतन मिळाल्याचा पुरावा देयकासोबत घ्या.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. संगणक देखभालीचे कंत्राट लवकरच संपत आहे. त्याबाबत काही विशेष काळजी घ्यावी का?

प्रतिसाद २:
नवी निविदा आत्ताच मार्गी लावा, कारण ती रेंगाळली की नाइलाजाने मुदतवाढ द्यावी लागते आणि लेखापरीक्षणात नेमके त्यावरच बोट ठेवले जाते. प्रशासकीय (अ‍ॅडमिन) पासवर्ड, उपकरणांची यादी आणि प्रलंबित तक्रारी लेखी ताब्यात घेतल्याशिवाय अंतिम देयक सोडू नका, मात्र करारात तशी अट आहे का ते आधी पाहा. कंत्राटदाराने कामाची हमी म्हणून दिलेल्या बँक हमीची मुदत हे सर्व पूर्ण होण्यापूर्वी संपत असेल, तर ती वाढवून घ्या.