विद्यापीठ ‘सरकारी’, ‘सार्वजनिक’ की ‘स्वायत्त’?

प्रश्न : मुंबई विद्यापीठाला बातम्यांत हे तिन्ही शब्द लागतात. बरोबर कोणता?

उत्तर : कायद्यातला शब्द ‘सार्वजनिक’. ‘सरकारी’ म्हटलं की शासनाचं खातं वाटतं आणि तिथेच घोळ होतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे विद्यापीठ ही कायद्याने घडवलेली स्वतंत्र ‘व्यक्ती’ आहे. शिक्का स्वतःचा, मालमत्ता स्वतःच्या नावावर, दावाही स्वतःच्या नावाने. त्यामुळे परीक्षेच्या निकालाच्या तक्रारीवरून फक्त उच्च शिक्षण विभागाला नोटीस धाडून उपयोग नाही. प्रतिवादी विद्यापीठ, ‘मार्फत कुलसचिव’ (रजिस्ट्रार). शासन निर्णयालाही आव्हान असेल तर शासन वेगळा प्रतिवादी.

– मग ‘स्वायत्त’ म्हणायला काय हरकत?

– अर्धंच खरं आहे ते. शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठाला नवी पदं काढता येत नाहीत, वेतन-भत्ते बदलता येत नाहीत, ठरावीक कामासाठी आलेला निधी दुसरीकडे वळवता येत नाही, जमीन विकता येत नाही. पळवाट एकच : शासनावर बोजा पडणार नसेल तर स्वतःच्या पैशातून ठरावीक मुदतीची पदं. स्वयंअर्थसाहाय्यित, म्हणजे शासनाच्या अनुदानाविना चालणाऱ्या अभ्यासक्रमांत कंत्राटी शिक्षकच का दिसतात, ते इथे कळतं. शिवाय ‘स्वायत्त महाविद्यालय’ हा वेगळा दर्जा आहे : अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालयाच्या, पदवी मात्र विद्यापीठाचीच.

– ‘अधिसभा’ (सिनेट) म्हणजे विद्यापीठाची विधानसभा, असं सर्रास छापतात.

– फसवी उपमा. अंदाजपत्रक अधिसभेपुढे येतं हे खरं, पण रोजचा कारभार आणि धोरण व्यवस्थापन परिषदेकडे, अभ्यासक्रम विद्यापरिषदेकडे. आणि पदवी मिळाली म्हणून कोणी आपोआप अधिसभेचा मतदार होत नाही. अर्ज भरून ‘नोंदणीकृत पदवीधर’ व्हावं लागतं. अधिसभेवर त्यांचे 10 प्रतिनिधी निवडून जातात.

– विद्यापीठाचा ‘अध्यादेश’ राज्यपाल काढतात का?

– नाही. तो व्यवस्थापन परिषद करते. राज्यपालांचा अध्यादेश संविधानाच्या अनुच्छेद 213 खालचा. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना निघतो. मुंबईच्या गुणपत्रिकेवर तळाशी ‘ओ. 5042-ए’ असतं, ते विद्यापीठाच्या ऑर्डिनन्सचं, म्हणजे अशाच अध्यादेशाचं.

हिंदी बातमी मराठीत उतरवताना आणखी एक जपा : तिथला ‘कुलपति’ बहुधा आपला कुलगुरू असतो. आपले कुलपती म्हणजे राज्यपाल, ज्यांना हिंदीत ‘कुलाधिपति’ म्हणतात. मध्य प्रदेशाने 2024 मध्ये ‘कुलगुरु’ स्वीकारलं, म्हणून तारीखही बघा.