सीएफडीसाठी (हवा-पाण्याच्या प्रवाहाचं सिम्युलेशन) मशीन: ९६ कोरचा थ्रेडरिपर प्रो घ्यावा की ३२ कोरचा एपिक?

भोसरीकर:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. भोसरीत आमचं छोटं ऑफिस आहे, काम सगळं पंप आणि ब्लोअरच्या सिम्युलेशनचं, सॉफ्टवेअर फुकटचं ओपनफोम त्यामुळे लायसन्सची भानगड नाही. मेश (मॉडेलचे पाडलेले छोटे तुकडे, म्हणजे सेल) दोन-तीन कोटी सेलपर्यंत जातो. आत्ता १६ कोरच्या रायझनवर भागवतोय पण शुक्रवारी लावलेली केस सोमवारीसुद्धा कन्व्हर्ज (उत्तर स्थिर) झालेली नसते आणि कस्टमर तर सकाळी दहालाच फोन करतो. पार्टनरने सिनेबेंचचे (रेंडरिंगवर वेग मोजणारी टेस्ट) व्हिडिओ बघून एएमडीचा वर्कस्टेशनवाला थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स डोक्यात घेतलाय, म्हणतो १६ चे ९६ कोर म्हणजे सहापट काम. मला ते पटत नाही, पण का पटत नाही तेही त्याला सांगता येत नाहीये. मशीन ऑफिसातच राहणार, टेबलाखाली, वेगळी सर्व्हर रूम वगैरे चैन नाही. एएमडीचाच सर्व्हरवाला एपिक बघावा का? इंटेलचा झिऑन? जाणकारांनी सांगा.

गिगाहर्ट्झ_गणपा:
बजेट असेल तर ७९९५ डोळे झाकून घ्या. एपिक ९६५४ पण ९६ कोरचाच आणि तोच झेन ४ (कोरची पिढी), पण बूस्ट (कमाल क्लॉक) ३.७ गिगाहर्ट्झ, थ्रेडरिपरचा ५.१. मग हळू चालणारा कशाला घ्यायचा? मी रेंडरिंगला ६४ कोरचा ७९८०एक्स वापरतो, ब्लेंडरमध्ये मख्खन.

रात्रपाळी:
गणपाचं रेंडरिंगपुरतं शंभर टक्के बरोबर, पण सीएफडीचा स्वभाव वेगळा. रेंडरिंगमध्ये प्रत्येक कोर आपापला तुकडा घेऊन बराचसा कॅशमध्येच (प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी) काम करतो म्हणून कोर वाढवले की वेग वाढतो. ओपनफोमचा सॉल्व्हर प्रत्येक इटरेशनला अख्खा मेश रॅममधून ओढतो, एकेका आकड्यावर दोन-चार गणितं केली की लगेच पुढचा मागतो, म्हणजे कोर निम्मा वेळ रॅमकडे बघत बसलेला असतो. पंगतीला पानं ९६ मांडलीत आणि वाढपी आठच, असं ते. म्हणून आधी मेमरी चॅनल (प्रोसेसर ते रॅमच्या वाटा) मोजायचे, कोर मग.

पार्टनरला हा हिशोब दाखवा. तुमचा रायझन दोन चॅनलचा, डीडीआर५-५६०० धरला तर सेकंदाला ८९.६ जीबी (हीच बँडविड्थ), १६ कोरांत वाटले तर कोरमागे ५.६. गणपाचा ७९८०एक्स चार चॅनलचा, डीडीआर५-५२०० ला १६६.४ जीबी, भागिले ६४, म्हणजे कोरमागे २.६, तुमच्या आत्ताच्या मशीनपेक्षा कमी! ७९९५डब्ल्यूएक्स आठ चॅनलचा, ३३२.८ जीबी, कोरमागे साडेतीनच्या आत. आता एपिक ९३७४एफ घ्या, ३२ कोर पण १२ चॅनल, डीडीआर५-४८०० ला ४६०.८ जीबी, कोरमागे १४.४. हे सगळे कागदावरचे आकडे, प्रत्यक्षात थोडे कमीच मिळतात, पण प्रमाण साधारण तेच राहतं. ९६ कोर घेतले तरी वेग सहापट नाही होणार, बँडविड्थ वाढली पावणेचार पट, तिथेच कुठेतरी अडकणार. आणि त्या चिपची लाँचची किंमत ९,९९९ डॉलर होती, वर जीएसटी (क्रेडिट मिळेल म्हणा).

भोसरीकर:
हे भारी समजलं राव. मग ३२ कोरचाच थ्रेडरिपर प्रो ७९७५डब्ल्यूएक्स घेतला तर? आठ चॅनल आहेत आणि क्लॉक ५.३ पर्यंत जातो, परत बोर्ड वर्कस्टेशनचा म्हणजे शांत.

रात्रपाळी:
तिथे एक खोच आहे जी बॉक्सवर लिहिलेली नसते. हे प्रोसेसर म्हणजे एक तुकडा नाही, मधे आयओ डाय (रॅमशी बोलणारा तुकडा) आणि भोवती सीसीडी, म्हणजे जास्तीत जास्त आठ-आठ कोरांचे तुकडे. ७९७५ मध्ये सीसीडी चारच, आणि प्रत्येक सीसीडीला आयओ डायकडून वाचायला साधारण ६० जीबीचीच वाट, म्हणजे चौघांचे मिळून २४० च्या आसपास. चॅनल आठ असून ३३२ जीबी कोरांपर्यंत पोचतच नाही. ९३७४एफ मध्ये तेच ३२ कोर आठ सीसीडीवर पसरलेत, एल३ कॅश २५६ एमबी, ७९७५ ला १२८. म्हणून सीएफडीवाले एफवर जीव टाकतात. एफ म्हणजे जास्त क्लॉकवाला, बेसच ३.८५ आहे. नावाच्या शेवटी पी असेल तर तो एकाच सॉकेटमध्ये चालतो, एक्स असेल तर वर थ्रीडी कॅश चढवलेली, ९६८४एक्स ला १,१५२ एमबी एल३ आहे, तो मोहक आहे पण पैसे बघून खाली बसाल.

घेतल्यावर बायोसमध्ये एनपीएस४ (रॅमचे चार भाग) करा, एसएमटी (एका कोरवर दोन थ्रेड) बंद, आणि एमपीआय (अनेक कोरांवर मिळून चालणाऱ्या) रनला कोर बाइंडिंग (प्रत्येक प्रोसेस ठरावीक कोरला बांधणं) लावा. फुकटचा वेग आहे तो, लोक सोडून देतात.

लॅबवाला_काका:
टेबलाखाली ठेवणार म्हणताय म्हणून लिहितो. एपिकचे बोर्ड सर्व्हरचे असतात, यूएसबी दोन-चार, बऱ्याच बोर्डांवर ऑडिओ नाही, आणि सुरू केल्यावर मेमरी ट्रेनिंग (रॅमची जुळवणी) चालतं तेव्हा काही मिनिटं स्क्रीन काळीच, नवीन माणूस घाबरून पॉवर काढतो. तसं करू नका, चहा घेऊन या. उलट फायदा म्हणजे बोर्डवर बीएमसी असतं, म्हणजे लाइट जाऊन आली तर घरून ब्राउझर उघडून मशीन चालू करता येतं, आपल्याकडे गुरुवारची लाइट जाणं बघता ही सोय मला क्लॉकपेक्षा मोठी वाटते. रॅकचा १यू (चपटा) डबा मात्र ऑफिसात आणू नका, पंखे विमानासारखे. टॉवर केस, मोठा एअर कूलर, ३२० वॅटची चिप आरामात थंड राहते. एसी आणि यूपीएसचा लोड आधी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, रात्रभर फुल लोडवर चालणार आहे ते.

निळ्या_गोटातला:
झिऑनबद्दल कोणीच बोलेना म्हणून. वर्कस्टेशनचा डब्ल्यू९-३४९५एक्स ५६ कोर, आठ चॅनल, डीडीआर५-४८०० ला ३०७ जीबी, तुमच्या कामाला एपिकच्या मागेच. झिऑन मॅक्स ९४८० मध्ये चिपवरच ६४ जीबी एचबीएम (फार वेगवान मेमरी) आहे, बँडविड्थच्या भुकेल्या कोडला मस्त, पण दोन-तीन कोटी सेल त्यात बसता बसता काठावर येतील. झिऑन ६ चा ६९८०पी एमआरडीआयएमएम ८८०० (जास्त वेगाची सर्व्हर रॅम) ला १२ चॅनलवर ८४४ जीबी देतो, बाहेरच्या रॅमवर चालणाऱ्या इथल्या चिपांत कागदावर सगळ्यांत पुढे, फक्त तो १२८ कोर ५०० वॅटचा आहे, टेबलाखाली हीटर.

अजून एक, उद्या कस्टमरने अॅन्सिसचाच (लायसन्स विकत घ्यावं लागणारं सिम्युलेशन सॉफ्टवेअर) रिपोर्ट मागितला तर? तिथे एचपीसी पॅकच्या (जास्त कोर वापरायचं लायसन्स) हिशोबात एका पॅकला ८ कोर, दोनला ३२, तिनाला १२८, शिवाय मूळ लायसन्सचे ४. ३२ कोर दोन पॅकमध्ये बसतात, ९६ साठी तिसरा घ्यावा लागतो.

भोसरीकर:
वापरलेला एपिक ऑनलाइन स्वस्तात दिसतोय. घ्यावा का?

लॅबवाला_काका:
विचारून घ्या. काही ब्रँडेड सर्व्हरमधून काढलेले एपिक त्या कंपनीच्या बोर्डाला कायमचे लॉक झालेले असतात, प्लॅटफॉर्म सिक्युअर बूटमुळे, दुसऱ्या बोर्डावर ते बूटच होत नाहीत आणि ते लॉक निघतही नाही. विकणाऱ्याकडून "अनलॉक्ड" असं लेखी घ्या, नाहीतर परत घ्यायची अट. आणि इंजिनीअरिंग सॅम्पल (विक्रीआधीची चाचणीची चिप) कितीही स्वस्त असो, हात लावू नका.

रात्रपाळी:
पैसे घालायच्या आधी एक टेस्ट फुकटात होते. तुमचीच एखादी नेहमीची केस डिकंपोज करून (मेशचे तुकडे पाडून) ४, ८, १२, १६ कोरांवर शंभर-शंभर इटरेशन चालवा, वेळ लिहून ठेवा आणि पार्टनरसमोर कागद ठेवा.

भोसरीकर:
चालवलं काल रात्री. ८ नंतर जवळजवळ सपाट, १२ आणि १६ मध्ये तर फरक शोधावा लागतो. पार्टनर कागद बघून गप्प झाला, मग म्हणाला रेंडर पण करायचे असतात ना आपल्याला. महिन्यातून दोन रेंडर करतो आम्ही 😅 तर ९३७४एफ चं कोटेशन मागवतोय. रॅम आत्ता सहा स्टिक आणि पुढच्या वर्षी सहा, असं चालेल का? व्हेंडर तेच सुचवतोय.

रात्रपाळी:
नको. सहा स्टिक म्हणजे सहा चॅनल, २३० जीबी, मग एवढा वरचा एपिक घेऊन अर्थ काय. १६ जीबीच्या १२ घ्या, १९२ जीबी होते, तुमच्या मेशला पुरून उरेल. आरडीआयएमएम (सर्व्हरची रॅम) लागते, रायझनची रॅम यात बसणार नाही, तेवढं कोटेशनमध्ये तपासा.