एसी लावला की पीएच उतरतो, बंद केला की पाणी तापते

खारेपाणी_कोथरूड:
नमस्कार. माझ्याकडे दीड वर्षापासून 200 लिटरची समुद्री टाकी असून तीत क्लाउनफिशची जोडी आणि झोॲन्थस, मशरूम, लेदर असे मऊ प्रवाळ आहेत. मार्चअखेरपर्यंत पाणी 26 अंशांच्या आसपास स्थिर होते; एप्रिलमध्ये दुपारी ते 29.5 अंशांवर जाऊ लागले, म्हणून त्या खोलीत आम्ही दिवसरात्र एसी लावून दारे-खिडक्या बंद ठेवू लागलो. तापमान आटोक्यात आले, परंतु पूर्वी 8.1 ते 8.2 असणारा पीएच आता सकाळी 7.7 आणि संध्याकाळी 7.9 दिसतो. दुकानदाराच्या सांगण्यावरून पीएच वाढवणारे द्रावण आठवडाभर घातले. त्याने पीएच दोन-तीन तास चढतो आणि पुन्हा मूळ जागी येतो; दरम्यान अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता; एकक डीकेएच) मात्र 8.5 वरून 11.8 डीकेएचवर गेली आहे आणि पंपावर पांढरा थर धरू लागला आहे. द्रावणाची मात्रा वाढवावी का?

निवृत्त_रसायनवाले:
मात्रा वाढवू नये. द्रावण आजच बंद करावे. आपल्या टाकीत क्षाराची उणीव नाही, खोलीतील हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त झाला आहे. बाहेरच्या हवेत तो दशलक्ष भागांत सुमारे 420 भाग असतो, तर बंद खोलीत दोन माणसे रात्रभर झोपली की सहज हजाराच्या वर जातो, कारण घरगुती स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच पुन्हा पुन्हा थंड करतो. हा वायू पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल तयार होते. त्यातच रात्री दिवे बंद झाल्यावर प्रकाशसंश्लेषण थांबते आणि श्वसन चालूच राहते, म्हणून सकाळचा आकडा सर्वात खाली असतो. बाटलीतील कार्बोनेट या आम्लाशी तेवढ्यापुरते भिडते, पण खोलीतून नवा वायू येतच राहतो; साठते ती फक्त अल्कलिनिटी, आणि तीच पंपावर कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसते.

माझ्या शब्दावर विसंबू नका. टाकीतील पाणी दोन बरण्यांत घेऊन एकीत खोलीत आणि दुसरीत गॅलरीत तासभर एअरस्टोनने हवा सोडा, आणि मग दोन्हींचा पीएच मोजा. त्याआधी मीटर पीएच 7 आणि 10 च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणांवर) जुळवून घ्यावा. जुन्या प्रोबवर विश्वास ठेवून केलेले उपचार मी पुष्कळ पाहिले आहेत. गॅलरीतील बरणीचा आकडा ठळकपणे वर गेला, तर स्किमरच्या (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) हवेच्या नळीला लांब नळी जोडून तिचे तोंड खिडकीबाहेर काढावे. खोली बंदच राहील, पण पाण्यात घुसळली जाणारी हवा बाहेरची असेल.

दादरचा_दर्यावर्दी:
पीएचबद्दल वरील उत्तराशी सहमत आहे. एसीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. दोनशे लिटर पाण्यासाठी अख्खी खोली थंड करणे हा उलटा व्यवहार झाला. पाणी उडून जाताना बरीच उष्णता घेऊन जाते: आपल्या टाकीचे तापमान एका अंशाने उतरायला साधारण 350 मिलिलिटर पाण्याचे बाष्पीभवन पुरते, अर्थात बाहेरून येणारी उष्णता सोडून. पुण्यातील एप्रिलची हवा कोरडी असते, त्यामुळे पृष्ठभागावर तिरका झोत टाकणारे दोन छोटे पंखे तेथे चांगले काम करतील. आमच्याकडे मुंबईत दमट हवेमुळे हेच पंखे जूनमध्ये नुसते फिरतात आणि चिलरला पर्याय उरत नाही. झाकण काढाल तेव्हा वर जाळी अवश्य ताणा, मासे उड्या मारतात.

दोन गोष्टींकडे लक्ष असू द्यावे. पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून रोजची तूट आरओच्या गोड पाण्यानेच भरून क्षारता (मिठाचे प्रमाण) हजारी 35 वर ठेवावी. आणि 25 चा हट्ट धरू नये. दिवसभर स्थिर असलेले 27 अंश हे रात्री 25 व दुपारी 29 या हेलकाव्यापेक्षा प्रवाळांना सोसते. तापमान वरच्या टोकाला फार दिवस राहिले, तर त्यांच्या पेशींत राहणारी शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. 1998 साली लक्षद्वीपला हेच झाले होते.

खारेपाणी_कोथरूड:
दोघांचेही आभार. गॅलरीतील बरणीत पीएच 8.15 आला, खोलीतील बरणीत 7.8. नळी खिडकीबाहेर काढल्यावर सकाळचा आकडा 7.95 आहे. पंख्यांमुळे पाणी 27.3 वर राहते, रोज सुमारे तीन लिटर भर घालावी लागते आणि एसी आता फक्त दुपारी लावतो. भरीच्या पाण्यातून चुन्याची निवळी दिली तर चालेल का?

निवृत्त_रसायनवाले:
चालेल, पण अल्कलिनिटी 9 च्या खाली उतरल्यावरच, कारण निवळीने तीही वाढते. खाद्य दर्जाचे कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिटरभर आरओ पाण्यात दीड ग्रॅम या प्रमाणात ढवळून झाकून ठेवावे, आणि गाळ बसल्यावर वरचे स्वच्छ पाणी रात्री थेंबाथेंबाने सोडावे. तिचा पीएच 12 च्या वर असतो, तेव्हा पेलाभर एकदम ओतणे माशांच्या जिवावर बेतेल. पानाचा चुना वापरू नका, त्यात काय मिसळलेले असते हे सांगता येत नाही. आणखी एक: सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी असेल त्या संध्याकाळी नळीचे तोंड आठवणीने आत ओढून घ्या.